रेअर अर्थ चुंबक: ताकद अणूत की अणूच्या जागेत?

लोणारच्या मोठ्या मारुतीची आडवी मूर्ती चुंबकीय दगडाची आहे, असं बुलढाणा जिल्ह्यात तुम्ही ऐकलं असेल. लोणारच्या काळ्या बेसाल्टमध्ये टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यामुळे तो दगड थोडाफार चुंबकीय असतोच. पण इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीतल्या चुंबकापुढे ती ओढ अगदीच किरकोळ. लोह तर दोन्हीकडे आहे. मग फरक कशामुळे?

त्या मोटारीतला चुंबक हा ‘रेअर अर्थ आंतरधातू संयुग’ असतो. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. पितळेत जस्ताचा अणू तांब्याच्या कुठल्याही जागी बसू शकतो. आंतरधातू संयुगात तसं चालत नाही. तिथे धातूंचं प्रमाण ठरलेलं असतं आणि स्फटिकात कोण कुठे बसणार हेही ठरलेलं असतं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं संयुग म्हणजे २ निओडिमियम, १४ लोह आणि १ बोरॉन. १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे पुढे आणलं. त्याच्या स्फटिकाची सर्वांत लहान वीट चौरस बुडाची आणि उभट असते: बूड ८.८ अँगस्ट्रॉम, उंची १२.२. त्या विटेत ६८ अणू बसतात. ५६ लोहाचे, ८ निओडिमियमचे, ४ बोरॉनचे.

ताकद मुख्यतः लोहाची. पण लोहाच्या अणूंची दिशा सहज फिरते, म्हणून चुंबकावर घासलेला खिळा लवकरच ‘उतरतो’. दिशा धरून ठेवायचं काम निओडिमियम करतं. त्याच्या आतल्या ४एफ इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. आजूबाजूच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रात तो एकाच पवित्र्यात नीट बसतो आणि त्याच्याबरोबर अणूचं चुंबकत्व उभ्या अक्षावर खिळून राहतं. बैलांची ताकद लोहाची, जू निओडिमियमचं, असं समजा. या पकडीला अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात.

आता त्याच जागी समेरियम बसवून बघा. त्याचा ढग चपटा नाही, लांबट आहे. म्हणून चुंबकत्व उभं न राहता आडव्या पातळीत लोळतं आणि कायम चुंबक म्हणून ते संयुग बाद होतं. पण हेच समेरियम कोबाल्टच्या षटकोनी स्फटिकात (१ समेरियम, ५ कोबाल्ट) बसलं की जबरदस्त पकड देतं! अणू तोच, खुर्ची वेगळी. गॅडोलिनियमचा ढग गोलच असतो, त्यामुळे त्याला कुठेही बसवलं तरी अशी पकड जवळपास मिळत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) याच कुळातली एक वेगळीच गोष्ट सापडली. १९९३-९४ मध्ये आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता दिसली. या कुळाच्या स्फटिकात रेअर अर्थ-कार्बनचा एक थर आणि निकेल-बोरॉनचा एक थर असे आलटून पालटून असतात. चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचं सहसा पटत नाही. इथे मात्र इट्रियमच्या जागी अर्बियम घातलं, तर ६ केल्विनखाली दोन्ही एकत्र नांदतात. होल्मियम घातलं तर सुमारे ८ केल्विनला अतिवाहकता येते, ५ च्या आसपास चुंबकीय मांडणी बदलताना ती डळमळते आणि आणखी थंड केल्यावर परत सावरते. मोटारीसाठी याचा उपयोग नाही, पण जगभरच्या प्रयोगशाळांनी हे कुळ उचलून धरलं.

उन्हाळ्याचं काय?

निओडिमियम चुंबकाचं चुंबकत्व सुमारे ३१२ अंश सेल्सिअसला पूर्ण जातं, पण पकड त्याच्या खूप आधीच ढिली होते. साध्या दर्जाच्या चुंबकाची मर्यादा साधारण ८० अंश. मे महिन्याच्या दुपारी राजूर घाट चढणाऱ्या गाडीच्या मोटारीला ती पुरेलच असं नाही. म्हणून काही निओडिमियम काढून डिस्प्रोशियम घालतात. पकड वाढते. पण डिस्प्रोशियमचं चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेला असतं, त्यामुळे एकूण ताकद थोडी घटते.

खरी अडचण पुरवठ्याची. ४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम, समेरियमसह सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि संबंधित चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकी कंपन्यांना त्याची झळ बसली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून निओडिमियम मिळतं, डिस्प्रोशियम मात्र नावापुरतंच. त्यामुळे कारखाने उभे राहिले तरी हा प्रश्न उरतो.

त्यावर एक चांगली युक्ती निघाली आहे. चुंबक उतरायची सुरुवात बहुधा स्फटिककणांच्या कडेपासून होते. म्हणून डिस्प्रोशियम सगळीकडे न मिसळता, बाहेरून लावून तापवतात आणि कणांच्या सीमांवरून आत मुरवतात. त्यामुळे बऱ्याच कमी डिस्प्रोशियममध्ये काम भागतं.