हक्क आला, गिऱ्हाईक गेले : मोर्शीतील वडिलोपार्जित घर

घर पाहावे बांधून, असे आपली म्हण सांगते. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. मराठीत घर बसते, घर बुडते, घराला टाळे लागते, घरावर तुळशीपत्र ठेवले जाते; पण भाव ठरवून, इसार घेऊन, किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याच्या साध्या व्यवहाराभोवती भाषेने फारसे काही रचलेले नाही. शेताचा सौदा किंवा बैलजोडीचा सौदा वऱ्हाडातला माणूस चार लोकांत बोलून दाखवतो. घर विकायला काढले आहे, हे तो अजूनही हलक्या आवाजात सांगतो. हा संकोच आपण सहसा भावनेच्या खाती जमा करून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे, की त्या संकोचाला इतिहास आहे आणि तो भावनेइतकाच कायद्याचा व कागदाचा आहे.

मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वरुड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. जवळच सिंभोऱ्याला वर्धा नदीवरील अप्पर वर्धा धरण. गावाच्या जुन्या वस्तीत अशी घरे आहेत, ज्यांच्या भिंतीवर ‘विकणे आहे’ ही अक्षरे रंगवून इतके पावसाळे गेले, की खालच्या फोन क्रमांकातले दोन आकडे पुसले गेले. आमच्यापैकी एकाच्या आजोळचे घर त्यांतलेच. ओसरी, माजघर, मागे गुरांचा कोठा, सागवानी खांब, कवेलूंचे छप्पर. हिस्सेदार दोन मामा आणि तीन मावश्या. सहा वर्षांत गिऱ्हाइके आली तीन. एकाला रस्ता अरुंद वाटला, एकाला कागद अपुरे वाटले, आणि तिसरा शेजारी. शेजाऱ्याला घाई नाही, कारण आपल्यावाचून दुसरे गिऱ्हाईक नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे.

या रखडण्याचे सरळ उत्तर ‘मंदी’ असे दिले जाते. मुले अमरावतीला, नागपूरला, पुण्याला गेली. ज्याच्याजवळ पैसा आहे तो हमरस्त्यालगतच्या नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेतो, कारण तिथे दारापर्यंत चारचाकी जाते आणि बँक कर्ज देते. हे खरेच आहे. परंतु एवढ्यावर थांबलो, तर जुने घर बाजारात कधी आले आणि कोणाच्या वतीने आले, हा प्रश्नच उरत नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी रुजली. वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. शेताची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडला, खातेदाराचे नाव लागले. या साऱ्या व्यवस्थेचा डोळा शेतसाऱ्यावर होता. गावठाणातील राहते घर सारा देत नव्हते, म्हणून त्याच्या नोंदीची निकडही कोणाला नव्हती. सातबारा शेताचा असतो, घराचा नव्हे, हे खेड्यातले मूलही जाणते. पण त्याचा अर्थ असा, की शेत हे कागदावर जगले आणि घर साक्षीदारांच्या आठवणीवर. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत पुढे नगर भूमापन झाले, नझूलचे पट्टे झाले, आणि विदर्भात जिला ‘आखीव पत्रिका’ म्हणतात तो कागद घरापाशी आला. अनेक घरांच्या आखीव पत्रिकेवर आजही आजोबांचे नाव आहे. वारसांची नोंद झालेली नाही आणि जमीन नझूलची असेल, तर घर आपले नि पायाखालची जमीन सरकारची, असा दुहेरी गुंता असतो. नागपूर आणि अमरावती विभागांतील नझूल जमिनींसाठी २०२४ मध्ये शासनाला विशेष अभय योजना आणावी लागली, यावरून हा गुंता किती जुना आणि किती पसरलेला आहे याची कल्पना यावी.

कागद नव्हता, तरी घराला कायद्याचे कुंपण मात्र होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. पैसा आला तसे कर्जही आले. भाव पडला की सावकाराचा हुकूमनामा शेतावर बसे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ही पडझड एवढी वाढली, की मध्यप्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला. या साऱ्या काळात शेतकऱ्याचे राहते घर मात्र साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने, आणि त्याआधीच्या संहितेनेही, ही सूट दिलेली होती. शेत गेले तरी छप्पर राहावे, हा तिचा हेतू.

दुसरे कुंपण परक्या माणसाविरुद्ध होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एखाद्याचा हिस्सा त्रयस्थाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात कुटुंबीयांसोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या विभाजन कायद्यातील कलम ४ प्रमाणे घरातला हिस्सेदार तो हिस्सा किंमत देऊन परत घेऊ शकतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. ते यथावकाश झाले. निष्कर्ष एवढाच, की एकत्र घराचा तुकडा बाजारात नेणे कायद्याने मुद्दाम अवघड करून ठेवले. घर सावकारापासून वाचले, परक्यापासून वाचले. यात गैर काही नव्हते. पण कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरायचे राहिले होते.

ते १९५६ मध्ये ठरले. हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाबरोबर वारस केले, ही त्याची मोठी बाजू आपण वर्गात शिकवतो. त्याच कायद्याचे कलम २३ फारसे शिकवले जात नाही. संपूर्णपणे कुटुंबीयांच्या वापरात असलेल्या राहत्या घरात मुलीचा हिस्सा होता. पण पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवीत नाहीत, तोवर तिला वाटणी मागता येत नव्हती. मुलगी अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल, तर राहण्याचा हक्क. नांदती असेल, तर तोही नाही. पुरुष वारस एकच असला तरी हे बंधन लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नरसिंह मूर्ती विरुद्ध सुशीलाबाई या खटल्यात म्हटले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मतः सहदायक केले. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या आणि कलम २३ तर जागच्या जागी राहिले.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले, ते या काळात. विदर्भातील देशपांडे कुटुंबाचा वाडा, वडिलांचा मृत्यू, तेराव्याच्या खर्चाची विवंचना, मुंबईहून आलेला भाऊ, दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर. समीक्षेने या वाड्याला सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हणून वाचले, आणि ते वाचन चुकीचे नाही. परंतु वाडा फार लवकर प्रतीक झाला, असे आम्हांला वाटते. प्रतीक होण्यापूर्वी तो मालमत्ता आहे, आणि मालमत्ता म्हटली की हिस्से आले. धाकट्या भावांच्या वाट्याविषयी आपण बोलतो. प्रभेच्या वाट्याविषयी बोलतो का? शिकायचे राहिलेली, लग्न न झालेली ही बहीण १९८५ च्या कायद्यानुसार त्या घरात राहू शकत होती, त्याची वाटणी मात्र मागू शकत नव्हती. तिच्या कडवटपणाचे मानसशास्त्रीय विवेचन आपण पुष्कळ करतो. तिच्या कोंडीला कलमाचा क्रमांक आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

विधी आयोगाने २००० मध्ये आपल्या १७४ व्या अहवालात स्त्रियांच्या मालमत्ता-हक्कांचा प्रश्न हाती घेतला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीने कलम २३ रद्द झाले. मुलगी जन्मतः सहदायक ठरली. त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिळाला. एकोणपन्नास वर्षांनी दार उघडले. पण मोर्शीसारख्या गावात तोवर दाराबाहेर कोण उभे होते?

गावाचा पैसा संत्र्याच्या बहरावर अवलंबून, आणि बहर पाण्यावर. विहिरींच्या जागी बोअर आले, पाणी खोल गेले, बागा वाळल्या. जुन्या घराच्या रस्त्याकडील खोल्यांत भाडेकरू असेल, तर १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश २००० पर्यंत त्याच्या पाठीशी होता; नियंत्रकाच्या परवानगीवाचून त्याला नोटीससुद्धा देता येत नसे. हा आदेश गेला तोपर्यंत लाकडाला वाळवी लागली होती. त्यातच २००२ मध्ये प्राप्तिकर कायद्यात अशी तरतूद आली, की घर सरकारी मूल्यतक्त्यापेक्षा कमी किमतीला गेले, तरी नफा काढायचा तो तक्त्यातील किमतीवर. तक्त्याचा आकडा सहसा खाली येत नाही; गल्लीतला भाव मात्र येतो. या तफावतीला पुढे थोडी सवलत मिळाली, पण तत्त्व तेच राहिले. म्हणून पुष्कळदा अख्खे घर जातच नाही. खांब जातात, कोरीव चौकट जाते, पितळी कड्यांचे दार शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात जाऊन बसते. भिंती तेवढ्या मागे राहतात.

या घडीला बहिणींकडे येतो तो विक्रीचा कागद नव्हे, हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क भावासाठी सोडायचा, तर मुद्रांक नाममात्र. तोच हिस्सा भावाने रीतसर विकत घ्यायचा, तर मुद्रांक पुऱ्या किमतीवर. हक्क सोडणे स्वस्त आणि हक्काचे पैसे घेणे महाग, अशी ही रचना आहे. तिच्या जोडीला माहेर तुटण्याची भीती, आणि आता एक नवे कारण : ‘तसेही या घराला येते किती?’ आमच्या तीन मावश्यांपैकी दोघींनी याच वाक्यावर सही केली. तिसरीने केली नाही. ती म्हणाली, किंमत कमी असेल तर कमीत पाचवा हिस्सा लावा, पण लावा. घर रखडले त्याचे खापर तेव्हापासून तिच्यावर फुटते. शेजाऱ्याने पाच वर्षे भाव दाबून धरला, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मंद बाजाराचा फटका खासगी सौद्यालाच बसतो असे नाही. अप्पर वर्धा धरणासाठी याच तालुक्यातील गावे उठली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरे तो बाजारभावाने, आणि बाजारभाव काढायचा तो आसपासच्या खरेदीखतांवरून. जिथे घरे विकलीच जात नाहीत, तिथे खरेदीखते कुठून येणार? धरणग्रस्तांनी २०२३ मध्ये मोर्शीला दीर्घ आंदोलन केले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्यातील काहींनी मुंबईत मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. बुडालेल्या घराची किंमत ठरवण्याचा वाद इतकी दशके टिकतो, तो उगाच नव्हे.

तेव्हा मोर्शीतले ते घर मंदीमुळे रखडले, हे म्हणणे अपुरे आहे. सुमारे शंभर वर्षे कायद्याने ते बाजारापासून दूर ठेवले. त्या संरक्षणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना वाटणीचा हक्क मिळाला, तो गिऱ्हाईक उठून गेल्यावर. अशा घराला विक्रीआधी वाटणीपत्राची गरज असते. आखीव पत्रिकेवर आजोबांच्या जागी पाच नावे चढली, तर गिऱ्हाईक उद्या येईलच असे नाही. मात्र ते येईल तेव्हा त्याला पाच जणांशी बोलावे लागेल. भाव पडलेला असला, तरी हिस्सा पडलेला नसतो. मावशी आपल्या परीने एवढेच सांगत होती.