वाळलेले फूल आणि काउंटीची हद्द

इंग्लंडमधील चुनखडीच्या टेकड्यांवर एप्रिलच्या सुमारास जांभळ्या घंटेसारखे एक बुटके, लवदार रानफूल उमलते. ईस्टरच्या दिवसांत फुलते म्हणून जॉन जेरार्ड यांनी १५९७ साली त्याला 'पास्क फ्लॉवर' म्हटले. लिनियसने १७५३ मध्ये ते ॲनिमोन पल्सॅटिला म्हणून नोंदले. आजचे शास्त्रीय नाव पल्सॅटिला व्हल्गॅरिस. साहजिकच हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ते दोन्ही नावांखाली शोधावे लागते.

महसुली दप्तरे चाळण्याची सवय असल्याने मला फुलापेक्षा त्याखालच्या चिठ्ठीचे कुतूहल अधिक. फुलाचा रंग उडतो. नाव, स्थळ, तारीख आणि संग्राहक एवढे चिठ्ठीवर असेल तरच नमुन्याला किंमत, एरवी तो पाचोळा.

पण स्थळ म्हणून अनेकदा केवळ गावाचे नाव असते. रॉइस्टनचेच पाहा. गावालगतचा थर्फील्ड हीथ हा माळ या फुलासाठी प्रसिद्ध आहे. मात्र केंब्रिजशायर आणि हर्टफर्डशायर यांची हद्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावामधूनच जात होती. मग नुसत्या 'रॉइस्टन'ची नोंद कोणत्या काउंटीच्या खाती घालावी?

ह्यूएट वॉटसन यांनी १८५२ साली वनस्पतींच्या नोंदींसाठी ब्रिटनचे ११२ 'व्हाइस-काउंटी' विभाग पाडले. चिठ्ठीतील संदिग्धता त्याने मिटत नाही, पण हद्द तरी हलत नाही. १९७४ च्या फेररचनेत खऱ्या काउंट्यांच्या सीमा बदलल्या. वॉटसन यांचे विभाग तसेच राहिले. हर्टफर्डशायर आजही २० क्रमांकाचा, केंब्रिजशायर २९. प्रशासनाला त्यांचा काही उपयोग नव्हता, हेच त्यांचे भाग्य!

आपल्याकडे १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. तेलंगणात २०१६ साली १० जिल्ह्यांचे ३१ झाले. जनगणनेचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवू पाहणाऱ्यास आधी तालुकेवार बेरजा-वजाबाक्या कराव्या लागतात.

जुन्या चिठ्ठ्या आणि प्रत्यक्ष पाहणी एकत्र वाचली की फुलाची पीछेहाट दिसते. ते आता इंग्लंडमध्ये जेमतेम १९ ठिकाणी उरले आहे. माळ नांगरले गेले, हे कारण चटकन सुचते. परंतु न नांगरलेल्या माळांवरूनही ते गेले. तेथे मेंढ्यांची चराई कमी झाली, गवत माजले आणि फूल त्याखाली गुदमरले. संरक्षण म्हणजे कुंपण आणि चराईबंदी, ही आपल्या खात्यांची रूढ समजूत येथे उलटीच पडली असती. थर्फील्ड हीथवर मेंढ्या चारणे हा संवर्धनाचाच भाग आहे.