एका सेंटीमीटरचा रविवार

आज १५ जुलै १९००, वार रविवार. तुम्ही पॅरिसच्या पश्चिमेला, ब्वा द बुलोन्यच्या झाडीतल्या एका मैदानावर उभे आहात. स्टेडियम शोधू नका, ते नाहीच. रेसिंग क्लबची हिरवळ आहे, तिच्यावरच आखलेली पाचशे मीटरची वाट आहे, आणि थाळीफेकवाल्यांच्या थाळ्या अधूनमधून झाडांत जाऊन पडतात. गर्दीही बेताचीच. सगळी दुनिया जागतिक प्रदर्शन बघायला लोटली आहे आणि हे सामने त्या प्रदर्शनाच्याच पोटातले. आपण ऑलिम्पिक खेळतोय, याचा पत्ता कित्येक खेळाडूंनाही नाही.

लांब उडीच्या खड्ड्यापाशी या. इथे आज एक माणूस नाही, आणि तोच पहिल्या क्रमांकावर आहे.

मायर प्रिन्स्टीन. पोलंडमधल्या ज्यू घरात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, सिरॅक्यूज विद्यापीठाचा विद्यार्थी. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याने साडेसात मीटरचा विश्वविक्रम केला आहे. काल, शनिवारी, पात्रता फेरीत तो ७.१७५ मीटर गेला. या स्पर्धेत पात्रतेची उडी अंतिम निकालातही धरली जाते, त्यामुळे ती आजही उभी आहे. आज मात्र तो उतरणार नाही. सिरॅक्यूज पडलं मेथडिस्ट ख्रिश्चनांचं. रविवारी खेळायचं नाही, असा वरून हुकूम आहे.

जरा थांबून हिशेब करा. या मुलाचा स्वतःचा पवित्र वार शनिवार. त्या दिवशी तो उडी मारून मोकळा झाला, कुणी हरकत घेतली नाही. दुसऱ्यांचा रविवार मात्र त्याने पाळायचा! लांब उडीतल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर, क्रेन्झलाइनवर, पुढे खूप शाई खर्च होणार आहे. माझा राग विचाराल तर या नियमावरच आहे.

तो बघा अ‍ॅल्विन क्रेन्झलाइन. मिनियापोलिसचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यक शिकणारा. त्याच्या विद्यापीठाने रविवारचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला आहे. काल त्याने ११० मीटर अडथळ्यांची शर्यत मारली; आजची ६० मीटरही त्याचीच. अडथळा ओलांडताना पुढचा पाय तो सरळ लांब टाकतो, पळण्याचा वेग मोडत नाही. उडीतही त्याची खरी ताकद तीच, वेग. धाव घेताना त्याच्या खांद्यांकडे नको, शेवटच्या चार पावलांकडे बघा. लांब उडीत भलेभले तिथेच पावलं जुळवत बसतात आणि वेग हातचा घालवतात.

दोघांत आधी ठरलं होतं म्हणे, की रविवारी कुणीच उडी मारायची नाही. निदान प्रिन्स्टीन तसं समजून चालला होता. कागदावर काही नाही. क्रेन्झलाइन मात्र उतरला आहे, आणि एकामागून एक उड्या मारतो आहे.

अखेर एक उडी लांब पडते. पंच फीत घेऊन वाकतात. एक टोक फळीला, दुसरं फळीच्या सर्वांत जवळच्या खुणेला. तुम्हीही वाकून बघा: ७.१८५. एका सेंटीमीटरचा फरक, करंगळीच्या नखाएवढा! आणि जो उत्तर देऊ शकला असता, त्याला पायच उचलायची मुभा नाही. तिसरा आयर्लंडचा पॅट्रिक लीही, ६.९५ वर, तो या भांडणात कुठेच नाही.

प्रिन्स्टीनने क्रेन्झलाइनला सोमवारी पुन्हा उड्या मारून निकाल लावू, असं आव्हान दिल्याचं सांगतात. नकार आला. मग प्रिन्स्टीनने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते लोकांनी त्याला वेळीच आवरलं. तेवढ्यावर पैज लावू नका.

सोमवारी मात्र जरूर या. प्रिन्स्टीन तिहेरी उडीत १४.४७ मीटर जाऊन १८९६चा विजेता जेम्स कॉनोली याला मागे टाकतो. त्याच दिवशी २०० मीटर अडथळ्यांत क्रेन्झलाइन आपला चौथा विजय मिळवतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. तुम्ही इतक्या लांबून आला आहात, तेव्हा ओरडायचंच असेल तर त्याच्यासाठी ओरडा.