सायलेशियांतील काचेच्या भट्ट्या

काचेइतकी नाजूक वस्तु क्वचितच दुसरी असेल. परंतु ती घडविण्याची विद्या मात्र मोठी चिवट आहे. पोलंडच्या नैर्ऋत्य सीमेवर, सायलेशिया प्रांतांत, कार्कोनोशे नांवाची डोंगराची ओळ आहे. तिच्या कुशींत श्क्लार्स्का पोरेंबा हें गांव वसलें आहे. काचाऱ्यांनीं रान तोडून मोकळी केलेली जागा, असाच या नांवाचा अर्थ आहे. येथील भट्टीचा लेखी उल्लेख इ. स. १३६६ इतका जुना आहे.

हा धंदा डोंगरांतच कां वाढला? गारगोटी, पाणी आणि लाकूड हीं तिन्ही तेथें हाताशीं होतीं. गारगोटी लवकर वितळावी म्हणून तींत लाकडाच्या राखेचा क्षार मिसळीत. भट्टीच्या जळणापेक्षांही या राखेसाठींच अधिक लाकूड जाळावें लागे. भोवतालचें रान संपलें, कीं भट्टी मोडून नव्या रानांत न्यावयाची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. १६१७ सालीं बोहेमियांतून आलेल्या वोल्फगांग प्रॉइस्लर यानें येथें भट्टी उभारली व त्याच्या वंशजांनीं ती विद्या पुढें चालविली. १६९० च्या सुमारास फ्रीड्रिख विंटर या कारागिरानें, शाफगोच सरदारांच्या आश्रयानें, जवळच्या पियेखोवित्से गांवीं पाण्याच्या बळावर चालणारी नक्षीची गिरणी घातली. जाड काच कोरून उठावाची नक्षी काढण्यांत त्याचा हातखंडा होता.

हें काम पाहण्यास सोपें वाटतें. लोखंडी नळीच्या टोंकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा, ती सारखी फिरवीत फुंकर घालावयाची आणि पाण्यानें भिजविलेल्या लांकडी साच्यांत त्यास आकार द्यावयाचा. ओल्या लांकडाची वाफ मध्यें राहते, म्हणून काचेवर ओरखडा उठत नाहीं. मग ती हळूहळू निववावी लागते. घाई केली तर तडकते. परंतु गोळा केव्हां घ्यावा, फुंकर किती घालावी, हें पुस्तकांतून कळत नाहीं. उस्तादाच्या शेजारीं वर्षें काढावीं लागतात.

या प्रांताचे धनी मात्र वारंवार बदलले. १३६६ सालीं येथें पिआस्त घराण्याचा अंमल होता. मग बोहेमियाचे राजे, हाप्सबुर्ग, आणि १७४२ सालीं प्रशिया. १८४२ सालीं शाफगोच घराण्यानें योझेफिना ही मोठी भट्टी सुरू केली. पुढें १९४५ सालीं महायुद्धाअखेर हा मुलूख पोलंडकडे आला. जर्मन रहिवाशांस गांव सोडावें लागलें व पोलिश कुटुंबें तेथें वसलीं. त्यांतील कित्येक, सोव्हिएट रशियाकडे गेलेल्या पूर्वेकडील प्रांतांतून, सर्वस्व गमावून आलीं होतीं. कारखाने बंद पडूं नयेत म्हणून सायलेशियांत कांहीं जर्मन कारागिरांस कांहीं काळ थांबवून घेण्यांत आलें. घर सोडण्याच्या वाटेवर असलेले हे उस्ताद आणि घर मागें टाकून आलेले नवे शिकाऊ यांची गांठ अशी पडली.

योझेफिना भट्टीचें नांव पुढें यूलिया झालें. कालांतरानें तिचें काम पियेखोवित्से येथें गेलें. राज्याची सीमा तहाच्या कागदावर बदलतां येते. कसब मात्र एका हातानें दुसऱ्या हातांतच द्यावें लागतें. आणि त्या कठीण काळांतही तें दिलें गेलें, म्हणूनच सायलेशियाची काच टिकली.