चार वेळा खासदार, मग ४,४९२ मतांचा घाव : चंद्रकांत खैरेंची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या काकांना विचारा, इथला खासदार कोण? वीस वर्षं याचं एकच उत्तर होतं, खैरे साहेब. आज विचारलं तर काका आधी हसतात.

सुरुवात १९८८ ची. औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक झाली, मुंबई-ठाण्याची मानली जाणारी शिवसेना मराठवाड्यात घुसली आणि खैरे नगरसेवक झाले. १९९० ला औरंगाबाद पश्चिममधून आमदार, १९९५ ला पुन्हा आमदार आणि युती सरकारात मंत्री.

१९९९ ला लोकसभा. समोर काँग्रेसचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले, म्हणजे थेट माजी मुख्यमंत्री. खैरेंनी त्यांना पाडलं. मग २००४, २००९, २०१४. उमेदवार बदलत गेले, निकाल तोच. विरोधक विकासाचं काय विचारायचे, पाण्याचं काय विचारायचे. पण निवडणूक आली की मुद्दा एकच उरायचा, 'खान की बाण'. या शहरात ही घोषणा पोराटोरांना पाठ होती.

मग आलं २०१९, आणि इथं गणित नीट बघा.

एमआयएमचे इम्तियाज जलील आधी टीव्ही पत्रकार होते, २०१४ ला औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले. २०१९ ला त्यांच्यासोबत प्रकाश आंबेडकरांची वंचित होती, त्यामुळे मुस्लिम मतांना दलित मतांची जोड मिळाली. दुसरीकडे कन्नडचे हर्षवर्धन जाधव. मराठा आरक्षणासाठी आमदारकीचा राजीनामा दिलेले, अपक्ष, चिन्ह ट्रॅक्टर. त्यांनी २ लाख ८३ हजारांहून जास्त मतं घेतली. यातली बरीच मतं एरवी बाणाला पडणारी होती, हे शहरात कुणीही सांगेल.

निकाल : जलील ३,८९,०४२, खैरे ३,८४,५५०. फरक ४,४९२.

खरा घाव मात्र २०२२ चा म्हणावा लागेल. जिल्ह्यात सेनेचे सहा आमदार होते, त्यातले पाच एकनाथ शिंदेंसोबत गेले. खैरे ठाकरेंकडेच थांबले. बाण शिंदेंकडे गेला, खैरेंच्या हातात मशाल आली.

२०२४ ला उमेदवारीसाठी अंबादास दानवेही इच्छुक होते. घरातलीच ओढाताण, तिकीट शेवटी खैरेंना. समोर शिंदेंचे संदिपान भुमरे. गंमत म्हणजे भुमरे पैठणचे आमदार, आणि पैठण लोकसभेला जालन्यात मोडतं! म्हणजे स्वतःचा बालेकिल्ला मतदारसंघाबाहेर. पण इथल्या सहा विधानसभा जागांपैकी पाचवर महायुतीचे आमदार होते, ठाकरेंकडे फक्त कन्नड.

भुमरे ४,७६,१३० मतांनी पहिले. जलील ३,४१,४८० वर दुसरे. खैरे २,९३,४५०, तिसरे.

दोन सेनांची मतं एकत्र केली तर साडेसात लाखांच्या वर जातात, जलील यांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मतदार सेना सोडून गेला नव्हता. पण त्यातल्या बहुतेकांनी बाण धरला, माणूस नाही. ज्या चिन्हाच्या नावानं खैरेंनी चार निवडणुका मारल्या, तेच या वेळी समोरच्या बाजूला होतं.

जाता जाता : २०२३ ला शहराचं नाव बदललं, ज्यासाठी खैरे आयुष्यभर घसा कोरडा करत होते. लोकसभा मतदारसंघाचं नाव मात्र कागदोपत्री अजून औरंगाबादच आहे.