गळती बुजली, फ्रीज घरात आला

1920 च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरी स्वयंपाकघरात गारवा यायचा तो बर्फवाल्याच्या खांद्यावरून. खिडकीत पुठ्ठ्याचा चौकोन लावायचा, त्याच्या चार कडांना 25, 50, 75, 100 असे आकडे. जो आकडा वर, तेवढ्या पौंडांची लादी घरात यायची. ती लाकडी कपाटात ठेवायची आणि खालच्या परातीत ठिबकलेलं पाणी आठवणीने ओतायचं. विसरलं की जमीनभर ओल.

यंत्राने गारवा करण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. ती वाफ दाबून, उष्णता बाहेर टाकून पुन्हा तिचा द्रव करायचा. या चक्राचं पेटंट जेकब पर्किन्सने लंडनमध्ये 1834 सालीच घेतलं होतं. बर्फाचे कारखाने आणि बिअरच्या भट्ट्यांत ते रुळलंही.

घरात घोडं अडलं ते या चक्रात फिरणाऱ्या वायूपाशी. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, सगळे विषारी. मोटर बाहेर, कॉम्प्रेसर वेगळा. फिरता दांडा आत शिरतो तिथल्या पॅकिंगमधून वायू झिरपायचा. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून खुद्द आइनस्टाइन अस्वस्थ झाले. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डला सोबत घेऊन त्यांनी फिरते भागच नसलेल्या फ्रीजची पेटंटं घेतली. पण त्यांच्या पंपाचा आवाज फार, आणि तो फ्रीज बाजारात आलाच नाही.

उत्तर सापडलं जनरल इलेक्ट्रिकमध्ये. मूळचा डेन्मार्कचा अभियंता ख्रिश्चन स्टीनस्ट्रप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी डब्यात घालून तो कायमचा बंद केला. दांडा बाहेर येतच नाही, तर गळणार कुठून? 1927 साली हा फ्रीज विक्रीला आला. गोल डबा कपाटाच्या डोक्यावर, अमेरिकी यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ युद्धनौकेच्या तोफबुरुजासारखा. म्हणून लोक त्याला ‘मॉनिटर टॉप’ म्हणू लागले. दहा लाखांहून जास्त खपले. आत सुरुवातीला तोच विषारी सल्फर डायऑक्साइड होता, फक्त त्याची बाहेरची वाट बंद झाली होती. त्यातले काही फ्रीज आजही चालतात!

1930 साली थॉमस मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत फ्रीजसाठीचा नवा बिनविषारी वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. हाच फ्रीऑन. पुढे त्याच्या घराण्याने ओझोनच्या थराला इजा केली, तेव्हा त्यालाही जावं लागलं.

आज अनेक घरगुती फ्रीजच्या माहितीपट्टीवर ‘आर-600ए’ असं छापलेलं दिसतं. म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊबंद, पेट घेणारा. शेगडीपासून चार हातांवर तो रात्रंदिवस फिरत असतो, तशाच कायमच्या बंद केलेल्या डब्यातून.