डुलकीची किंमत

ऑगस्ट १९८३. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये पहिल्या पाळीचा एक कामगार ऐन कामाच्या वेळी गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, नोकरी गेली. आधी तीनदा शिक्षा झाली होती म्हणा!

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मागची नोंद न बघता किरकोळ चुकीला भलतीच जबर शिक्षा देणं 'अनुचित कामगार प्रथा' ठरवलं होतं. कामगार न्यायालयालाही बडतर्फी जास्तच वाटली. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

गंमत बघा... जी नोंद कामगाराला वाचवू शकते, तिनेच इथे घात केला. चौथ्या खेपेला निकाल मलाही पटतो. पहिल्याच डुलकीला मात्र पटला नसता. नोकरी एकाची जाते, चूल सगळ्या घराची विझते. तुम्हाला काय वाटतं?